कुजट म्हणजे कुजट

नगरपालिकेचा कागद आला तेव्हा मी ओट्यावर पाय लांब करून बसले होते. उजवा गुडघा सुजला होता आणि त्यावर मुलाने आणलेलं कसलंसं मलम थापलेलं होतं. कागद मुलाच्या हातात होता. "आई, मी वाचून दाखवतो," तो म्हणाला.

"चौथी पास आहे मी. दे इकडे."

कागदावर लिहिलं होतं की आमच्या वाडीतून दुर्गंधी पसरत असल्याची तक्रार शेजारच्या इमारतीतल्या रहिवाशांनी केली आहे. आठ दिवसांत अधिकारी पाहणीला येतील. तक्रारीत तथ्य आढळलं तर पेंडीची टाकी कायमची बुजवावी लागेल.

टाकी बुजवावी लागेल हे मी दोनदा वाचलं. मग वरच्या ओळीतला दुर्गंधी हा शब्द पुन्हा वाचला.

"कसली दुर्गंधी?" मी विचारलं.

"दुर्गंधी म्हणजे घाण वास गं."

"ते मला कळतं. घाण वास, पण कसला?"

"आता वासाला कसला काय? घाण म्हणजे घाण."

एवढं बोलून तो आत चहा प्यायला गेला. आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो, पण ती सगळ्यांना कळायची नाही म्हणून इथे शाळेत शिकवलेल्या भाषेत लिहिते आहे. कुठल्याही भाषेत लिहिलं तरी त्याचं उत्तर चुकीचंच होतं. कसं, ते सांगायला आधी टाकीचं सांगावं लागेल.

आमची वाडी गिरीज गावात. नारळ, केळी, सोनचाफ्याची झाडं आणि मोगऱ्याच्या ओळी. मोगऱ्याला आम्ही पेंडीचं पाणी घालतो. शेंगदाण्याचं नाही तर एरंडीचं तेल काढल्यावर घाण्यात जो चोथा उरतो ती पेंड. ती टाकीत भिजवायची, बांबूने सकाळ-संध्याकाळ ढवळायची, तयार झाली की भरपूर पाण्यात मिसळून मुळाशी घालायची. ऐकायला सोपं आहे. पण पेंड तयार झाली हे डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या दिवशी ती जशी दिसते तशीच आठव्या दिवशी दिसते, चिखलासारखी. ते कळतं नाकाला.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूने मला पहिल्याच आठवड्यात टाकीपाशी उभं केलं. "काय वास येतो?" मी म्हटलं, "घाण." तिने बांबू माझ्या पायाजवळ आपटला. "घाण शेजारणीला म्हण. इथे नीट सांग."

मग तिने शिकवलं. पेंड भिजवली त्या दिवशी वास ओशट असतो, तेलाचा हात भांड्याला लागावा तसा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकी ऊब धरते, वरून हात धरला तर जाणवतं, तेव्हा वास उबट. मग बुडबुडे येतात आणि वास आंबूस होतो. त्यानंतर दोन दिवस उग्र. त्या दोन दिवसांत टाकीवर वाकलात तर डोळ्यांतून पाणी येतं. आणि मग एका सकाळी उग्रपणा जातो, ओल्या मातीसारखं काहीतरी उरतं. त्याला सासू म्हणायची, पेंड निवली. निवली की घालायची. त्याआधी नाही.

मी घाई केली. आंबूस आणि निवली यात मला फरक कळला असं मला वाटलं, म्हणून सासू निर्मळला बहिणीकडे गेलेली असताना मी एक अख्खी ओळ पाजली. सासू परत आली तोवर झाडांनी माना टाकल्या होत्या. कच्ची पेंड मुळाशी गरम होते, मुळं भाजतात. तिने मला मारलं नाही. ती ओळ माझ्याच हातांनी उपटायला लावली आणि प्रत्येक मूळ नाकाशी धरायला लावलं. "हा कसला?" मी सांगितलं, "करपट." "आता विसरशील?" विसरले नाही. अजून विसरले नाही.

तेव्हापासून मला पक्कं कळलं आहे की हे शब्द कुणी शोभेसाठी केलेले नाहीत. ऊब धरली म्हणून उबट. करपलं म्हणून करपट. आंबलं म्हणून आंबूस, कुजलं म्हणून कुजट. वस्तूला काय झालं आहे ते शब्दातच सांगितलेलं असतं, म्हणून पुढे काय करायचं तेही कळतं. कपड्यांना कुबट वास आला तर ते पुन्हा उन्हात घालायचे. खोबरं खवट झालं तर ते भाजीत घालायचं नाही. भांडं वशट असलं तर राखेने आणि चिंचेने घासायचं, कारण त्यात मासळी होती. दुर्गंधी ऐकून माणसाने काय करायचं? नाक दाबायचं आणि अर्ज लिहायचा.

शाळेत असताना एकदा बाईंनी मला दाराजवळ बसवलं होतं. म्हणाल्या, तुझ्या डोक्याला घाण वास येतो. मी म्हटलं, "घाण नाही बाई, खवट आहे. तेल जुन्या खोबऱ्याचं आहे." खरं ते सांगितलं होतं. एक थप्पड मिळाली आणि दारातून उठवून दाराबाहेर उभं केलं. चौथीनंतर शाळा सुटली ती काही त्या थपडेमुळे नाही, घरी काम होतं म्हणून. पण बाईंचं चुकलं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता लोक मलाच खवट म्हणतात. म्हणू देत. नाकाचे शब्द माणसांना चिकटतात ते मी पाहिलं आहे. बोलणं कुजकट असतं, विचार बुरसटलेले असतात, तोंड आंबट होतं. स्वयंपाकघरात आणि शेतात घडलेले शब्द माणसांनी एकमेकांना मारायला घेतले. मला त्यातला खवट चालतो. खवट व्हायला आधी आत तेल असावं लागतं.

माझी नात कॉलेजात मराठी घेऊन शिकते. कागद आला त्या संध्याकाळी तिने जाडजूड कोश काढला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. तिला अशा गोष्टींची हौस आहे.

"आजी, घाण हा शब्द घ्राण वरून आला आहे. घ्राण म्हणजे नाक, वास घेणं."

"म्हणजे आधी त्यात वाईट काही नव्हतं?"

"नव्हतं असं दिसतं."

"मग कुणी घातलं?"

"लोकांनी."

"कुठल्या लोकांनी?"

"आजी, कोशात नावं नसतात."

"आणि वास? वास म्हणजे तर नुसता वास. पण आता कुणी म्हणालं, तुझ्या घरात वास येतोय, तर भांडण होतं."

"तेही तसंच बदललं असेल. आणि दुर्गंध तर सोपा आहे. गंध म्हणजे वास आणि दुर् म्हणजे वाईट."

"वाईट कुणाला?"

ती हसली आणि कोश मिटून आत गेली. पण मी थट्टेने विचारलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. काही लोकांना वाटेल की आता ही म्हातारी म्हणणार, घाणीतूनच मोगऱ्याचा सुगंध येतो. मी असलं काही म्हणणार नाही. मोगरा मोगऱ्यासारखा वास देतो, पेंड पेंडीसारखा. मला टाकी हवी होती ती यासाठी की त्या पाण्यावर कळ्या धरतात, आणि पिशवीतलं खत एक वर्ष घालून पाहिलं तेव्हा नुसती पानंच माजली. दुसरं कारण असं की वाडीतलं माझ्या हातात राहिलेलं ते एकच काम आहे. चाफ्यावर चढणं बंद झालं. पहाटे कळ्या खुडायला डोळे राहिले नाहीत. पेंड मात्र नाकाने होते आणि नाक शाबूत आहे. टाकी गेली तर मी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण रे तू विचारणारी म्हातारी होणार. तशा दोन आमच्या आळीत आहेत. मला तिसरी व्हायचं नव्हतं.

तर गुडघा. पावसाळा संपता संपता मी केळीच्या पाटात घसरले आणि तीन आठवडे ओट्यावर अडकले. नुकतीच पेंड भिजवली होती. ढवळायचं काम मुलाकडे दिलं. तो ऑफिसला जातो, वाडीत रविवारचा उतरतो, पण बांबू फिरवायला काय लागतं? रोज संध्याकाळी मी विचारायची, "ढवळलीस?"

"हो."

"वास कसा होता?"

"नेहमीसारखा."

हे उत्तर मी चालवून घेतलं. तिथे माझी चूक झाली. नेहमीसारखा असा पेंडीला वासच नसतो, तिचा वास रोज वेगळा. सासूने हे उत्तर ऐकलं असतं तर बांबू आपटला असता. पण मुलाला आम्ही शिकायला पाठवलं, टाकीपाशी कधी उभं केलं नाही. त्याच्याकडे शब्दच नव्हते.

याच तीन आठवड्यांत मला सकाळी ओट्यावर एक वास यायला लागला. आमचं घर पश्चिमेला, टाकी पूर्वेच्या कुंपणाला लागून आणि कुंपणापलीकडे ती नवी इमारत. सकाळी वारा तिकडून इकडे येतो, दुपारनंतर समुद्रावरचा सुटला की इकडून तिकडे जातो. सकाळी यायचा तो वास कुजट होता. सडकं अंडं फुटल्यासारखा. मी मनात पक्कं केलं की हा इमारतीच्या मैल्याच्या टाकीचा. माझ्या टाकीत असा वास कधी झाला नाही, मग दुसरीकडचाच असणार. वरून त्यांनीच माझ्यावर तक्रार केली म्हटल्यावर मला राग आला तो साधा नव्हता.

अधिकारी आले त्या दिवशी मी काठी घेऊन उभी राहिले. अधिकारी म्हणजे एक बारीकसा माणूस, हातात हेल्मेट आणि फाइल. त्यांच्याबरोबर इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची बाई होती. तक्रारीवर पहिली सही तिची. आणखी एक-दोन रहिवासी मागे मोबाइल धरून उभे. मुलाने ऑफिसातून सुट्टी घेतली होती आणि सकाळपासून त्याचा चेहरा उतरला होता.

"नमस्कार आजी," ती बाई म्हणाली. "राग मानू नका. पण खिडकी उघडता येत नाही हो."

"उघडू नका."

"असं कसं? मी मनवेलपाड्याच्या चाळीत वाढले. घराशेजारी उघडं गटार. लहानपणापासून एकच ठरवलं होतं, पैसे साठवीन आणि जिथे खिडकी उघडता येईल तिथे घर घेईन. इथे घेतलं. आता सांगा, बंद खिडकीसाठी घेतलं का मी?"

बोलायला खमकी होती. मला तशी माणसं आवडतात, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"तुम्हाला वास येतो तो कसला?" मी विचारलं.

"घाण येतो."

"कसला घाण?"

"आजी, तुम्ही परीक्षा घेताय का?" मागचा एकजण म्हणाला.

"हो. नापास होणार तुम्ही."

ती बाई मात्र विचार करून म्हणाली, "सडक्या अंड्यासारखा."

"बघा," मी अधिकाऱ्यांना म्हटलं. "सडक्या अंड्याचा म्हणजे कुजट. माझी पेंड आंबते, कुजत नाही. आंबणं वेगळं आणि कुजणं वेगळं. इडलीचं पीठ आंबतं, मेलेला उंदीर कुजतो. हा कुजट वास यांच्या मैल्याच्या टाकीचा आहे. मलाही रोज सकाळी येतो. आधी ती टाकी बघा."

"आमची टाकी उपसून महिनाही झाला नाही!" बाई म्हणाली.

"मग लागली पैज. माझ्या टाकीत कुजट वास निघाला तर मी माझ्या हाताने माती टाकून टाकी बुजवते. नगरपालिकेने सांगायची गरज नाही."

मुलाने माझं कोपर धरलं. हळूच म्हणाला, "आई, टाकी आज नको दाखवूया. साफ करू आणि मग बोलावू त्यांना."

मला वाटलं लाजतो आहे. मी हात झटकला.

आधी इमारतीच्या मागे गेलो. तिथल्या माणसाने लोखंडी झाकण सरकवलं. सगळ्यांनी रुमाल धरले. मी वाकले आणि वास घेतला. मुतारीचा होता. साबणाचा होता. शिळ्या पाण्याचा होता. कुजट नव्हता.

ते मला तिथेच कळलं. मी बोलले नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. मी फक्त म्हटलं, "चला, आता माझी बघा," आणि पुढे चालायला लागले. गुडघा दुखत होता त्यापेक्षा जास्त मी लंगडत होते, म्हणजे वेळ लागेल.

टाकीपाशी पोचलो तर टाकीवर निळी ताडपत्री. चारी बाजूंनी विटा ठेवून घट्ट दाबलेली. मी ती पहिल्यांदाच पाहत होते.

"हे कुणी झाकलं?"

मुलगा केळीकडे बघत होता.

"काढ," मी म्हटलं.

त्याने विटा उचलल्या आणि ताडपत्री ओढली. ती उघडताच सगळे मागे सरले. पेंडीवर काळी साय धरली होती. एक बुडबुडा नाही. मी बांबू आत घातला, ढवळला आणि खालचं वर आलं.

"हाच!" तिसऱ्या मजल्यावरची बाई ओरडली. "हाच तो! मी सांगत होते ना!"

अधिकाऱ्यांनी रुमालाआडून विचारलं, "आजी, तुमचा तो आंबूस वास म्हणजे हाच का?"

त्यांनी चांगल्या मनाने विचारलं होतं. त्यांना दोन्हीतला फरक माहीत नव्हता, तिथे उभ्या असलेल्या कुणालाच नव्हता. मी हो म्हटलं असतं तर पेंडीचा वास असाच असतो असं त्यांनी लिहिलं असतं, शेतीच्या कामाचा म्हणून कदाचित सोडूनही दिलं असतं. मुलगा माझ्याकडे असा बघत होता की हो म्हण.

"नाही," मी म्हटलं. "हा कुजट. माझ्याच टाकीचा आहे. बाई खरं बोलल्या."

मोबाइल धरणाऱ्याने मोबाइल खाली घेतला.

मी मुलाला विचारलं, "ढवळलीस कधी?"

"पहिले दोन दिवस."

"रोज विचारत होते मी तुला."

"इमारतीतला एकजण गाडी लावताना बोलला, वास येतो म्हणून. मला लाज वाटली. वाटलं झाकली की वास बाहेर जाणार नाही. झाकलेली असल्यावर ढवळणार कशी? आणि तू ओट्यावर होतीस. तुला सांगितलं असतं तर तू तशीच उठून आली असतीस."

"आले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

त्याच्यावर ओरडायचं पुष्कळ मनात होतं. चार लोकांसमोर नाही ओरडले, नंतर घरी ओरडले. तिथे मी त्या लोकांना सांगितलं ते असं: पेंडीला वारा लागतो. वारा मिळाला आणि ढवळली की ती आंबते आणि एक दिवस निवते. कोंडली की कुजते आणि कुजतच राहते. वास येऊ नये म्हणून झाकली, त्यानेच हा वास झाला.

ती बाई लगेच म्हणाली, "म्हणजे झाकली नसती तर वास आलाच नसता?"

"आला असता. दुसरा."

"मग मला काय फरक पडला?"

बरोबर विचारलं होतं. मी म्हटलं, "फरक हा की तो जातो. ओशट, उबट तुमच्या मजल्यापर्यंत पोचतसुद्धा नाही. आंबूस पोचेल, इडलीच्या पिठाएवढा. उग्र मात्र दोन दिवस येणार, तेव्हा खिडकी लावा. मग निवते. पुन्हा पेंड भिजवीपर्यंत काही नाही. कुजट वास तुम्हाला रोज येत होता की नाही?"

"रोज."

"तो आता येणार नाही. उग्र येणार. ते मी लपवत नाही."

"आणि मी म्हटलं, उग्रही नको?"

"तर तुम्ही म्हणालात एवढंच. मी पेंड भिजवणं सोडणार नाही. ही वाडी तुमची इमारत उभी राहायच्या आधी होती आणि ते सोडलं तरी, झाडाला लागतं ते द्यावं लागतं. टाकी मात्र बुजवते. बोलले आहे."

"अहो आजी, तसं काही आत्ता..." अधिकारी म्हणाले.

"बोलले आहे," मी म्हटलं. "टाकी कुंपणाला लागून आहे ते तसंही चुकलंच. पेंड आता पिंपांत भिजेल, वाडीच्या मधोमध, नारळाखाली. उघडी. दोन वेळा ढवळलेली. हे तुमच्या कागदावर लिहा."

त्यांच्या फॉर्मवर एकच ओळ होती. दुर्गंधी, आणि पुढे आहे किंवा नाही. त्यांनी पेन वर धरलं. "आहे लिहू की नाही लिहू?"

"आज काय वास आहे ते लिहा. कुजट. कारण लिहा, झाकली म्हणून. पुढे लिहा की उघड्यावर आंबूस आणि मग दोन दिवस उग्र."

"एवढी जागा नाही, आजी."

"मागे लिहा."

त्यांनी फॉर्म उलटा केला, हेल्मेटवर ठेवला आणि लिहिलं. उग्र लिहिताना एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. खाली मी सही केली. बाईनेही केली, पण सहीच्या वर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं की मला हे मान्य नाही, फक्त पाहिलं आहे. मी ते वाचलं आणि म्हटलं, चांगलं केलंत. महिन्याभराने पुन्हा येऊन बघतो असं सांगून अधिकारी गेले.

टाकी बुजवायला मला आठवडा लागला. घमेल्याने माती टाकायची म्हणजे गुडघ्याचे हाल. मुलगा ऑफिसातून आला की मदत करायचा. मी नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. कुजलेली पेंड खाली तशीच ठेवली आणि वरून माती, पाला, माती. वर्षभराने तिथे सुरण लावीन. सासूने बांधून घेतलेली टाकी होती. ती मी माझ्या हाताने पुरली. बोलले नसते तर वाचली असती असं शेजारणी म्हणतात. शक्य आहे. पण मग माझ्या नाकाचं कुणी का ऐकावं?

नवी पेंड तीन पिंपांत भिजवली. बांबू मी मुलाच्या हातात दिला. मी स्टुलावर बसले.

"काय वास येतो?"

"आई, मला ऑफिसची बस पकडायची आहे."

"काय वास येतो?"

तो वाकला. "तेलकट."

"तेलकट डोळ्यांना दिसतं. नाकाला?"

"ओशट."

"जा आता."

दुसऱ्या दिवशी त्याने उबट हा शब्द शोधायला दोन मिनिटं घेतली. वय त्याचं पन्नासच्या वर आहे. लाज वाटली असेल तर वाटू दे, मागच्या खेपेसारखी ताडपत्री घालण्याइतकी तरी वाटणार नाही. नात बाजूला उभी राहून मोबाइलमध्ये टिपून घेत होती. मी तिला सांगितलं की टिपून उपयोग नाही, वाक. ती वाकली, शिंकली आणि पुन्हा वाकली.

पेंड उग्र झाली त्या सकाळी मी कुंपणापर्यंत गेले आणि तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून ओरडले, "आज उग्र! उद्याही!" बाईने खिडकीत येऊन काच ओढून घेतली. दुसऱ्या दिवशीही काच बंद. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी पिंप ढवळत होते. काच सरकल्याचा आवाज आला.

"आजी! दोन दिवस म्हणाला होतात!"

"हो!"

"आज तिसरा आहे! आणि उग्रच आहे, आंबूस नाही! मला आता कळतं!"

मी बांबू थांबवून वास घेतला. उग्रच होता. ती बरोबर होती. दोन दिवसांपासून आभाळ भरून आलं होतं, ऊन नव्हतं, पेंड मागे पडली होती.

"ऊन नाही!" मी ओरडले. "उद्या निवेल!"

"आणि नाही निवली तर?"

"तर परवा!"

"मी तक्रार करणार!"

"कर! पण उग्र लिही! दुर्गंधी लिहिलीस तर मी सही करणार नाही!"

तिने खिडकी धाडकन लावली. मी पुन्हा बांबू फिरवायला घेतला, कारण अजून दोन पिंपं ढवळायची राहिली होती.